पावसाच्या नोंदी इलास्टिकसर्चमध्ये, आलेख ग्राफानात : जोडणीचा क्रम आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

इलास्टिकसर्च या शोध-डेटाबेसला ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनाचा डॅशबोर्ड जोडणे म्हणजे पडद्यावरचे पाच-सहा रकाने भरणे, अशी अनेकांची समजूत असते. ते रकाने भरायला खरोखरच फार वेळ लागत नाही. मात्र जोडणी झाल्यावर आलेख रिकामा दिसतो, तालुके गायब होतात, किंवा आकडे दिसतात पण चुकीचे दिसतात. रिकामा आलेख त्यातल्या त्यात बरा, कारण तो चूक लपवत नाही. या सगळ्याचे मूळ बहुतेक वेळा जोडणीच्या आधीच्या कामात असते, म्हणून या लेखात ग्राफानाचा पडदा सहाव्या टप्प्यावर येतो.

उदाहरण म्हणून मराठवाड्यातील महसूल मंडळनिहाय दैनंदिन पाऊस आणि धरणांचा पाणीसाठा या दोन प्रकारच्या नोंदी घेतल्या आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी महाविद्यालयांतील गट आणि पाणी या विषयावर काम करणाऱ्या संस्था या नोंदी एक्सेलमध्ये ठेवतात आणि पुढे त्यांना त्या आलेखात हव्या असतात. फील्डची, म्हणजे नोंदीतील रकान्यांची, नावे येथे वाचण्याच्या सोयीसाठी मराठीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लहान लिपीत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत.

टप्पा १ : एक्सेलचा तक्ता सरळ करा

कार्यालयीन तक्त्यात डावीकडे मंडळांची नावे आणि वर आडव्या ओळीत तारखा असतात. माणसाला वाचायला हा तक्ता सोयीचा असला तरी इलास्टिकसर्चला त्याचा उपयोग नाही. येथे एक नोंद म्हणजे एक मंडळ, एक दिवस आणि एक पाऊस. त्यामुळे तक्ता आधी उभा करून घ्यावा आणि प्रत्येक ओळीत जिल्हा कोड, जिल्हा, तालुका, मंडळ कोड, मंडळ, नोंदीची वेळ आणि पाऊस मिलिमीटरमध्ये, एवढे रकाने ठेवावेत. तळाशी असलेली तालुक्याची बेरीज आणि सरासरी काढून टाकावी. ती राहिली तर तेही एक मंडळ समजले जाते आणि प्रत्येक बेरीज फुगते.

त्यानंतर पावसाच्या रकान्यातील शब्द शोधावेत. आपल्याकडे पाऊस झाला नसेल तर कोणी ०, कोणी ‘निरंक’, कोणी आडवी रेघ लिहितो. नोंदच आली नसेल तर ‘अप्राप्त’ लिहितो किंवा चौकट रिकामी सोडतो. ‘निरंक’ याचा अर्थ शून्य आहे, ‘अप्राप्त’ याचा अर्थ माहिती नाही असा आहे. पहिल्याच्या जागी ० घालावे, दुसऱ्याच्या बाबतीत ती ओळच वगळावी. आडव्या रेघेचा अर्थ तक्ता पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नये. आकडे मराठी अंकांत टंकलेले असतील तर ते इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत, कारण दशांश फील्डमध्ये देवनागरी अंक स्वीकारले जात नाहीत.

नावांच्या बाबतीत या विभागात एक विशेष अडचण आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या आणि नव्या वर्षांच्या फायली एकत्र चढवल्या की आठ जिल्ह्यांचे दहा जिल्हे होतात, आणि दोन आलेख मध्येच तुटतात तर दोन मध्येच उगवतात. म्हणून गटवारी नेहमी कोडवर करावी आणि नाव केवळ दाखवण्यासाठी ठेवावे. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, तसेच मराठी टंकलेखनात येणारी न दिसणारी जोडचिन्हे यांमुळेही डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावे यंत्राला वेगळी वाटतात.

तपासा : मंडळ कोड आणि तारीख या जोडीची पुनरावृत्ती एकदाही होता कामा नये. एक्सेलमध्येच हे मोजून घ्यावे.

टप्पा २ : मॅपिंग स्वतः लिहा

मॅपिंग म्हणजे कोणते फील्ड कोणत्या प्रकारचे आहे, हे इंडेक्सला, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या संचाला, आधी सांगणे. ते न सांगता नोंदी चढवल्या तर इलास्टिकसर्च पहिल्या नोंदीवरून अंदाज बांधतो आणि हा अंदाज आपल्या फायलींच्या बाबतीत हमखास चुकतो. १२-०७-२०२४ अशा पद्धतीने लिहिलेली तारीख त्याला तारीख वाटत नाही, ती साधा मजकूर म्हणून साठवली जाते. अवतरण चिन्हांत आलेला आकडाही मजकूरच ठरतो. मग ग्राफानात वेळेचे फील्ड सापडत नाही आणि पावसाची बेरीज होत नाही.

कोड आणि नावे ‘कीवर्ड’ प्रकारात, पाऊस आणि साठा ‘फ्लोट’ प्रकारात, नोंदीची वेळ ‘डेट’ प्रकारात ठेवावी. ‘टेक्स्ट’ हा प्रकार मजकुरात शब्द शोधण्यासाठी आहे. त्यावर गटवारी करायला गेल्यास इलास्टिकसर्च नकार देतो. अंदाजाने तयार झालेल्या जुन्या इंडेक्सवरच काम करायचे असेल, तर मजकुराच्या फील्डखाली त्याने सहसा ‘कीवर्ड’ नावाचे उपफील्डही तयार केलेले असते आणि गटवारीसाठी तेच निवडावे लागते.

मॅपिंगमधील ‘डायनॅमिक’ ही सोय ‘स्ट्रिक्ट’ करावी. मग रकान्याचे नाव एका अक्षराने चुकले तरी नोंद नाकारली जाते; अन्यथा त्या चुकीच्या नावाचे नवे फील्ड गुपचूप तयार होते आणि अर्धा पाऊस तिकडे जाऊन बसतो.

धरणांच्या नोंदींसाठी वेगळा इंडेक्स करावा आणि फील्डच्या नावातच एकक घालावे, उदाहरणार्थ ‘जिवंत_साठा_दलघमी’. बातम्यांत टीएमसी (अब्ज घनफूट), पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि लोकांच्या बोलण्यात टक्के, अशी सरमिसळ असते. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. टक्केवारी जिवंत साठ्याची आहे की एकूण साठ्याची, हेही आधी ठरवावे, कारण जायकवाडीसारख्या मोठ्या मृतसाठ्याच्या धरणात या दोन टक्केवाऱ्यांत बराच फरक पडतो.

सावधान : तयार इंडेक्समधील फील्डचा प्रकार नंतर बदलता येत नाही. नवा इंडेक्स करून सगळ्या नोंदी त्यात पुन्हा घालाव्या लागतात. म्हणून पाच वर्षांची फाइल चढवण्याआधी दहा ओळी चढवून मॅपिंग पाहून घ्यावे.

टप्पा ३ : वेळेचा हिशेब

सर्वाधिक चुका येथे होतात, आणि त्या आकड्यात दिसत नसल्याने फार उशिरा सापडतात. इलास्टिकसर्च सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवतो. वेळेसोबत तिचे क्षेत्र (टाइम झोन) दिले नसेल तर ती वेळ जागतिकच आहे, असे तो गृहीत धरतो. आपण सकाळचे ८:३० लिहिले आणि क्षेत्र दिले नाही, तर ग्राफाना ती नोंद दुपारी २ वाजता दाखवतो. म्हणून वर्ष-महिना-दिवस, त्यानंतर वेळ आणि शेवटी +०५:३० या स्वरूपात वेळ लिहावी आणि हे रूपांतर नोंदी चढवण्यापूर्वीच करावे. सेकंदांत मोजलेली वेळ दिल्यास ती मिलिसेकंद समजली जाते आणि सगळा पाऊस जानेवारी १९७० मध्ये पडतो. असा प्रकार दिसला की कारण दुसरीकडे शोधू नये.

पावसाचा दिवसही कॅलेंडरच्या दिवसापेक्षा वेगळा आहे. १२ जुलैच्या सकाळी ८:३० ला घेतलेली नोंद ही ११ जुलैच्या ८:३० पासूनच्या २४ तासांची असते. दिवसाला एकच नोंद असेल तर ती सकाळी ८:३० च्या वेळेसह ठेवावी आणि डॅशबोर्डवर तसा खुलासा लिहावा.

स्वयंचलित केंद्राच्या तासागणिक नोंदी असतील तर काम वाढते. ग्राफानातील दिवसाची गटवारी काही न सांगता ठेवल्यास जागतिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे ५:३० ला दिवस बदलते. त्यामुळे रात्री दोन वाजता कोसळलेला पाऊस आदल्या तारखेवर जातो. सरकारी आकड्याशी जुळणारी २४ तासांची बेरीज हवी असेल, तर गटवारीच्या सेटिंगमध्ये टाइम झोन जागतिकच ठेवून ‘ऑफसेट’ तीन तासांचा द्यावा, कारण आपले ८:३० म्हणजे तिकडचे ३:००. कॅलेंडरचा दिवस हवा असेल तर टाइम झोन ‘आशिया/कोलकाता’ निवडावा. ८:३० पासूनच्या २४ तासांच्या बेरजेत आणखी एक बारकावा आहे : ७:३० ते ८:३० या तासाचा पाऊस ८:३० च्या शिक्क्याने आला असेल, तर तो पुढच्या दिवसात मोजला जातो. अशा नोंदींवर तासाच्या शेवटाऐवजी सुरुवातीची वेळ लिहावी.

टप्पा ४ : नोंदी चढवा

प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक आपण द्यावा. मंडळ कोड आणि तारीख जोडून तो सहज तयार होतो. ओळखक्रमांक न दिल्यास इलास्टिकसर्च स्वतः नवा देतो, आणि तीच फाइल चुकून दोनदा चढवली की पाऊस दुप्पट होतो. आपला क्रमांक असेल तर दुसऱ्या वेळी जुनी नोंद बदलली जाते. तालुक्याहून दुरुस्त आकडा दोन दिवसांनी येणे ही आपल्याकडे नित्याची बाब असल्यामुळे ही सोय पुढे फार कामी येते.

मोठी फाइल ‘बल्क’ पद्धतीने चढवताना उत्तरात २०० हा यशाचा कोड येतो, पण त्याचा अर्थ विनंती पोहोचली एवढाच असतो. त्यातील शंभर नोंदी नाकारल्या गेल्या असल्या तरी कोड तोच राहतो. उत्तराच्या आत ‘एरर्स’ नावाचे फील्ड असते; ते ‘ट्रू’ असेल तर कोणती ओळ का नाकारली हे खाली वाचावे. तिथे बहुधा एखादे राहून गेलेले ‘निरंक’ सापडते.

तपासा : एक्सेलमधील ओळी आणि इंडेक्समधील नोंदी यांची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. एकाच संगणकावर चालणाऱ्या इलास्टिकसर्चची स्थिती पिवळी दिसत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. प्रतिकृती ठेवायला दुसरा संगणक नाही, इतकाच त्याचा अर्थ. प्रतिकृतींची संख्या शून्य केल्यास ती हिरवी होते.

टप्पा ५ : केवळ वाचणारा वापरकर्ता

‘इलास्टिक’ या मूळ वापरकर्त्याचा पासवर्ड ग्राफानात घालू नये. त्याला सर्व इंडेक्स पुसण्याचाही अधिकार असतो. ग्राफाना पाहणारा प्रत्येक जण अप्रत्यक्षपणे त्या जोडणीच्या अधिकारानेच इलास्टिकसर्चला प्रश्न विचारत असतो, त्यामुळे हे अधिकार जितके कमी तितके चांगले. एक नवी भूमिका तयार करून तिला आपल्या दोन इंडेक्सवर ‘रीड’ आणि ‘व्ह्यू इंडेक्स मेटाडेटा’ हे अधिकार द्यावेत, शिवाय क्लस्टरवर, म्हणजे इलास्टिकसर्चच्या संपूर्ण मांडणीवर, ‘मॉनिटर’ हा अधिकार द्यावा. हा शेवटचा अधिकार बहुतेक जण विसरतात. तो नसेल तर ग्राफानाला इलास्टिकसर्चची आवृत्ती वाचता येत नाही.

तपासा : ज्या संगणकावर ग्राफाना चालतो, त्याच संगणकावरून कर्ल या साधनाने ९२०० या पोर्टवर, नव्या वापरकर्त्याच्या नावाने विचारणा करावी. उत्तरात क्लस्टरचे नाव आणि आवृत्ती आली तरच पुढे जावे. ४०१ आले तर पासवर्ड चुकला, ४०३ आले तर अधिकार अपुरे आहेत, आणि जोडणी नाकारल्याचा संदेश आला तर त्या पत्त्यावर कोणी ऐकतच नाही. हे तीन दोष येथे मिनिटभरात वेगळे ओळखता येतात. ग्राफानाच्या पडद्यावर गेल्यावर ते एकमेकांत मिसळतात.

सावधान : ९२०० हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. बाहेरच्या लोकांना आलेख दाखवायचा असेल तर ग्राफाना उघडा करावा. इलास्टिकसर्च आतच राहू द्यावा.

टप्पा ६ : ग्राफानात डेटा सोर्स जोडा

आता ३००० या पोर्टवरचा ग्राफाना उघडून डेटा सोर्समध्ये इलास्टिकसर्च निवडावा.

पत्ता लिहिताना तो ग्राफानाच्या सर्व्हरच्या नजरेतून लिहावा, आपल्या ब्राउझरच्या नव्हे. ग्राफाना डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालत असेल तर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच होतो. तिथे इलास्टिकसर्चच्या कंटेनरचे किंवा मुख्य संगणकाचे नाव द्यावे लागते. आठव्या आवृत्तीपासून इलास्टिकसर्च सुरुवातीलाच पासवर्ड आणि सुरक्षित जोडणी लावून घेतो. त्यामुळे पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएसने करावी. जुन्या लेखांतील एचटीटीपी लिहिल्यास जोडणी काही न सांगता तुटते.

सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राबद्दल तक्रार आल्यावर ‘स्किप टीएलएस व्हेरिफाय’ ही खूण करून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. ती चाचणीपुरती ठीक आहे. योग्य मार्ग असा की, इलास्टिकसर्चच्या कॉन्फिग फोल्डरमधील सर्ट्स या उपफोल्डरात ‘एचटीटीपी_सीए’ नावाची फाइल असते, तिच्यातील मजकूर ग्राफानाच्या सीए प्रमाणपत्राच्या चौकटीत चिकटवावा. त्यानंतरही तक्रार राहिली तर आपण पत्त्यात लिहिलेले नाव प्रमाणपत्रात आहे का, ते पाहावे.

इंडेक्सच्या नावासमोर ‘पॅटर्न’ विचारला जातो. रोजचा वेगळा इंडेक्स होत असेल तरच ‘डेली’ निवडावे. आपल्या उदाहरणात ‘नो पॅटर्न’ ठेवावे, अन्यथा ग्राफाना तारखेचे शेपूट लावलेले, अस्तित्वातच नसलेले इंडेक्स शोधत बसतो. वेळेच्या फील्डच्या चौकटीत आधीपासून ‘ॲट-टाइमस्टॅम्प’ लिहिलेले असते. ते खोडून आपले फील्ड लिहावे. पाऊस आणि धरणे यांचे दोन वेगळे डेटा सोर्स करावेत.

‘सेव्ह अँड टेस्ट’ दाबल्यावर हिरवा संदेश येतो. तो फक्त जोडणीबद्दल असतो. आकड्यांबद्दल तो काहीही सांगत नाही.

टप्पा ७ : पहिले पॅनेल

नव्या डॅशबोर्डची कालमर्यादा ‘मागील ६ तास’ अशी असते. दुपारी तीन वाजता डॅशबोर्ड उघडला, तर तो सकाळी नऊनंतरच्या नोंदी शोधतो आणि आपली एकुलती एक नोंद ८:३० ची असते. ‘नो डेटा’ पाहून जोडणी मोडून पुन्हा करणारे अनेक जण आहेत. सर्वप्रथम कालमर्यादा ३० दिवसांची करावी. जुन्या वर्षाची फाइल असेल तर ते वर्ष निवडावे.

गटवारीत आधी ‘टर्म्स’मध्ये (मूल्यांनुसार गट) जिल्हा कोड आणि शेवटी ‘डेट हिस्टोग्रॅम’ (वेळेनुसार गट), हा क्रम ठेवावा. डेट हिस्टोग्रॅम शेवटी नसेल तर कालक्रमाचा आलेख तयार होत नाही. डेट हिस्टोग्रॅमचा ‘इंटरव्हल’ आपोआप ठरू न देता एक दिवस असा पक्का करावा.

टर्म्सची मर्यादा १० असते. मराठवाड्यात जिल्हे ८ असल्यामुळे जिल्ह्यांच्या आलेखात ही मर्यादा लक्षातही येत नाही. तोच आलेख तालुक्यांवर नेला की ७६ पैकी दहाच तालुके दिसतात आणि बाकीचे का वगळले याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नसते. ‘साइझ’ १०० करून घ्यावा.

मोजमाप कोणते निवडायचे, हा प्रश्न प्रत्येक पॅनेलसाठी, म्हणजे डॅशबोर्डवरच्या प्रत्येक आलेखासाठी, वेगळा विचारावा. हंगामाचा एकूण पाऊस काढण्यासाठी एका मंडळाच्या नोंदींची ‘सम’ (बेरीज) योग्य आहे. तालुक्याचा पाऊस त्यातील मंडळांच्या ‘ॲव्हरेज’ने काढावा, तिथे सम लावली की ज्या तालुक्यात मंडळे जास्त, तिथे पाऊस जास्त असे दिसते. अतिवृष्टी शोधायची असेल तर मंडळावर ‘मॅक्स’ घ्यावे. मदतीच्या दृष्टीने २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही मंडळाची कसोटी आहे. एका मंडळात ९० आणि शेजारच्या चारांत १० पडला तर तालुक्याची सरासरी २६ येते आणि ती अतिवृष्टी आलेखातून पुसली जाते.

धरणाचा साठा ही त्या क्षणाची स्थिती असते, तिची बेरीज कधीच करू नये. जायकवाडीचा जिवंत साठा पूर्ण भरल्यावर सुमारे २१७१ दलघमी असतो. आठवड्याचा इंटरव्हल ठेवून सम लावली की सात दिवसांचे आकडे मिळवले जातात आणि आलेख १५ हजारांवर जातो. इतका मोठा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. एखाद्या लघुप्रकल्पाचा चुकलेला आकडा मात्र तसाच अहवालात जातो.

शून्याचा सापळाही येथेच आहे. ज्या दिवसाची एकही नोंद नाही, त्या दिवसाच्या खान्याची सम इलास्टिकसर्च शून्य देतो. पहिल्या टप्प्यात ‘अप्राप्त’ ओळी काळजीपूर्वक वगळूनही आलेखावर ‘पाऊस नाही’ असेच दिसते. आजची नोंद अजून यायची असेल तेव्हा आजचा दिवसही कोरडा दिसतो. दिवसाला एकच नोंद असलेल्या मंडळाच्या आलेखात समऐवजी मॅक्स घ्यावे. आकडा तोच येतो, पण नोंद नसलेला खाना रिकामा राहतो. आलेख रेषेऐवजी स्तंभांचा ठेवला की ती पोकळी डोळ्यांना दिसते.

तपासा : एक मंडळ आणि एक दिवस निवडून पॅनेलवरचा आकडा मूळ एक्सेलशी ताडून पाहावा. नंतर एका तालुक्याचा जुलै महिना हाताने बेरजून पाहावा. पाऊस नसलेला एक दिवस आणि नोंद नसलेला एक दिवसही पाहावा. या चारही गोष्टी जुळेपर्यंत डॅशबोर्डचा दुवा कोणालाही पाठवू नये.

टप्पा ८ : जिल्हा-तालुका निवडीची यादी

डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये व्हेरिएबल (डॅशबोर्डवर निवडता येणारे मूल्य) तयार करून त्यात जिल्ह्यांची यादी इंडेक्समधूनच आणावी, तालुक्याचे व्हेरिएबल निवडलेल्या जिल्ह्यावर अवलंबून ठेवावे. पॅनेलच्या क्वेरीत व्हेरिएबलभोवती स्वतः अवतरण चिन्हे घालू नयेत. अनेक मूल्ये निवडल्यावर ग्राफाना ती योग्य रीतीने स्वतःच घालतो. हाताने नाव लिहायचे असेल तेव्हा मात्र ‘छत्रपती संभाजीनगर’सारखे दोन शब्दी नाव अवतरणांतच लिहावे, नाहीतर दोन शब्दांचा वेगवेगळा शोध घेतला जातो.

टप्पा ९ : इशारे आणि जपणूक

इशाऱ्याच्या क्वेरीत डॅशबोर्डची व्हेरिएबल्स चालत नाहीत. तिथे मंडळ कोडवर गटवारी करून मॅक्स ६५ च्या वर गेल्यास इशारा, असा स्वतंत्र नियम लिहावा. ‘नो डेटा’ झाल्यास काय करायचे, हा पर्याय न वाचता पुढे जाऊ नये. ज्या रात्री पाऊस जोराचा होतो, त्याच रात्री वीज आणि नेटवर्क जाते, आणि नेमक्या त्याच मंडळाची नोंद यायची राहते. अशा वेळी गप्प बसणारा इशारा कामाचा नाही. कोणत्या मंडळांची नोंद सकाळी दहापर्यंत आली नाही, हे दाखवणारा दुसरा नियम त्यासोबत ठेवावा. तो पावसाच्या मॅक्सवर न लिहिता नोंदींच्या संख्येवर लिहावा, आणि मंडळांची पूर्ण यादी वेगळी ठेवून तिच्याशी ताडावा, कारण नोंदच नसलेले मंडळ गटवारीत येत नाही.

ग्राफाना कंटेनरमध्ये असेल तर त्याचा डेटा कायमस्वरूपी व्हॉल्यूमवर ठेवला आहे का, ते आताच पाहावे. नसेल तर कंटेनर नव्याने तयार करताच सर्व डॅशबोर्ड जातात. प्रत्येक मोठ्या बदलानंतर डॅशबोर्डची जेसन फाइल उतरवून घ्यावी. त्या फाइलमध्ये डेटा सोर्सचा पासवर्ड येत नाही, त्यामुळे वाचणाऱ्या वापरकर्त्याचा पासवर्ड आणि सीए प्रमाणपत्राची प्रत यांची वेगळी नोंद ठेवावी लागते.

पाहणाऱ्यांना ‘व्ह्यूअर’ इतकीच भूमिका द्यावी, आणि आकडे रोज चढवणाऱ्या व्यक्तीचे इलास्टिकसर्चमधील खाते ग्राफानाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे.